मालगुंडचे दोन भाऊ आणि इंग्रजीचा तास

मुलांनो, तुमची इंग्रजीची वही जरा समोर घ्या बरं. बहुतेकांची वही दोन तोंडांनी लिहिलेली असते. पुढून धडे, कविता आणि प्रश्नोत्तरं; वही उलटी धरली की मागून व्याकरण. पुढून कवी येतात, मागून क्रियापदं येतात, आणि वर्ष संपलं तरी मधल्या कोऱ्या पानांवर त्यांची गाठ काही पडत नाही! मग कुणी म्हणतं, "मला गोष्टी आवडतात, पण ग्रामर नको." कुणी म्हणतं, "ग्रामरचे मार्क हमखास मिळतात, कविता मात्र पाठ करूनही कळत नाही." आणि काहीजण दोघांनाही लांबूनच नमस्कार करतात.

खरं तर ही दोघं एकाच घरातली सख्खी भावंडं आहेत. हे पटवून घ्यायला लंडनला जायला नको. रत्नागिरीहून समुद्राच्या कडेकडेने उत्तरेकडे निघालं की गणपतीपुळं लागतं आणि त्याला लागूनच आहे मालगुंड. साहित्य आणि व्याकरण खरोखरच सख्खे भाऊ असल्याचा पुरावा या गावच्या एका घराण्यात आहे.

एक कवी, एक व्याकरणकार

घराणं दामल्यांचं. वडील केशव विठ्ठल दामले हे शाळामास्तर. त्यांचा मुलगा कृष्णाजी १८६६ साली मालगुंडला जन्मला. कृष्णाजी केशव दामले म्हटलं तर तुम्ही डोकं खाजवाल. पण 'तुतारी' लिहिणारे केशवसुत म्हटलं की लगेच ओळखाल! कृष्णाजींच्या पाठचा भाऊ मोरो. थोरला आधुनिक मराठी कवितेचा जनक म्हणून ओळखला गेला आणि धाकट्याने १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' नावाचा जाडजूड ग्रंथ लिहिला. आजही मराठी व्याकरणाचा कुणी अभ्यास करायला बसलं, की मोरो केशव दामल्यांचं हे पुस्तक हाताशी घ्यावंच लागतं.

गंमत बघा. थोरल्या भावाच्या टोपणनावातच धाकट्याचा विषय दडलेला आहे. केशवसुत म्हणजे केशवाचा सुत, केशवाचा मुलगा. हा झाला तत्पुरुष समास. आता हेच इंग्रजीत सांगा. 'केशव्ज सन.' नावापुढे, वरच्या बाजूला स्वल्पविरामासारखी खूण आणि मग 'एस' हे अक्षर, की झालं काम! आपण मात्र केशवाचा मुलगा, केशवाची मुलगी, केशवाचं घर असं चा, ची, चं बदलत बसतो. इंग्रजीत या तिन्हींना एकच 'एस' पुरतो. म्हणजे इथे सोपी भाषा कोणती? इंग्रजीच की!

चौदा ओळींचा साचा

केशवसुत १८८९ साली पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून मॅट्रिक झाले. तेव्हा ते बाविशी ओलांडलेले होते, म्हणजे शिक्षण काही सरळ रस्त्याने झालं नव्हतं. पुढे त्यांनी वडिलांसारखीच मास्तरकी केली. मुंबई, खानदेशातलं भडगाव, मग फैजपूर आणि शेवटी धारवाड अशी त्यांची भटकंती झाली. १९०५ साली हुबळीला प्लेगने ते गेले, तेव्हा चाळिशीसुद्धा गाठलेली नव्हती. मागे राहिल्या त्या सुमारे १३५ कविता.

या मास्तरांनी इंग्रजी कविता भरपूर वाचली. काहींची मराठी रूपांतरंही केली. पण ते नुसतं वाचून थांबले नाहीत. सुतार खुर्चीत बसतो, तसाच खुर्ची उलटी करून तिचे सांधेही बघतो ना? केशवसुतांनी इंग्रजी कविता तशी उलटी करून बघितली.

इंग्रजीत 'सॉनेट' नावाचा एक कविताप्रकार आहे. तो मूळचा इटलीचा, तिथून इंग्लंडात गेला. शेक्सपिअरची १५४ सॉनेट १६०९ साली छापली गेली. सॉनेटच्या ओळी चौदा. यमकं कुठे जुळवायची याची रीत ठरलेली. बहुतेक सॉनेटमध्ये एका ठिकाणी विचार वळण घेतो, जसा घाटात रस्ता वळतो आणि अचानक समुद्र दिसतो तसा. केशवसुतांनी हा साचा मराठीत आणला. १८९२ सालची त्यांची 'मयूरासन आणि ताजमहाल' ही कविता मराठीतलं पहिलं सॉनेट मानली जाते. त्यांनी या प्रकाराला 'चतुर्दशक' म्हटलं. पुढे 'सुनीत' हे नाव रूढ झालं.

साचा परदेशातला, विषय आपल्या देशातला आणि भाषा घरची. इंग्रजी शिकले म्हणून त्यांनी मराठी सोडली नाही. उलट इंग्रजीतून आणलेली वस्तू मराठीच्या फडताळात नीट लावून ठेवली. आणि ओळी कशा जोडल्यात, वाक्य कुठे मोडलंय, शब्द मागेपुढे का केलेत हे कळल्याशिवाय असला साचा उचलताच येत नाही. हे कळणं म्हणजेच व्याकरण!

आठ जाती कुठून आल्या?

आता धाकट्या भावाकडे वळू. मराठीच्या तासाला तुम्ही शब्दांच्या आठ जाती म्हणता: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. इंग्रजीच्या तासाला म्हणता: नाऊन, प्रोनाऊन, ॲडजेक्टिव्ह, व्हर्ब, ॲडव्हर्ब, प्रिपोझिशन, कंजंक्शन, इंटरजेक्शन. मोजा बघू. आठला आठ!

हा योगायोग नाही. संस्कृतात यास्काने पदांचे चारच प्रकार सांगितले होते. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं. एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या व्याकरणकारांसमोर संस्कृतबरोबर इंग्रजी व्याकरणाचाही नमुना होता. आपल्या आठ जाती त्या नमुन्यावरून बेतलेल्या आहेत. मराठी लिहिताना आपण स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह देतो, तीही इंग्रजीकडूनच आली. मेजर कँडी या इंग्रज साहेबाने ती मराठीत रुळवली. मोरो केशवांनी मग आधीच्या व्याकरणकारांची मतं एकेक करून तपासली आणि मराठीला काय लागू पडतं, काय पडत नाही, याचा सविस्तर विचार मांडला.

म्हणजे मराठीच्या तासाला आठ जाती समजून घेतल्यात, तर इंग्रजीचं निम्मं ओझं तिथेच उतरतं. इंग्रजीच्या तासाला फक्त नावं नवी. वस्तू जुन्याच!

केशवसुत ज्या शाळेतून मॅट्रिक झाले, ती १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेली. टिळक आपले रत्नागिरीचेच, हे तुम्हाला सांगायला नकोच. पुढे गोपाळ गणेश आगरकरही तिथे शिकवू लागले. या आगरकरांनी शेक्सपिअरचं 'हॅम्लेट' मराठीत 'विकारविलसित' या नावाने आणलं, १८८३ साली. आणि पाचच वर्षांनी, १८८८ साली, मराठी वाक्याची फोड कशी करायची यावर पुस्तक लिहिलं, 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचें पृथक्करण'. एकाच हाताने नाटकही लिहिलं आणि वाक्याचे तुकडेही मोजले. वही उलटी करावी लागली नाही त्यांना!

'अ क्रो' आणि 'द क्रो'

हे सगळं मोठ्या माणसांचं झालं. आपल्या वर्गात काय घडतं? मी एका प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या पिढीने पाचवीत एबीसीडी गिरवली. महाराष्ट्रात २००० सालच्या जूनपासून इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं. त्यामुळे आता सहा वर्षांची मुलं हातवारे करत इंग्रजी गाणी म्हणतात. छान म्हणतात. अडचण येते ती पुढे. गाणी मागे पडतात आणि नियम पुढे येतात.

'अ' आणि 'द' हे दोन इवलेसे शब्द घ्या. मराठीत त्यांना जोडीदार नाही असं आपण समजतो, आणि मग नियमांची यादी पाठ करत बसतो. एकदा चौथीत मी तहानलेल्या कावळ्याची गोष्ट फळ्यावर लिहीत होते. 'अ क्रो वॉज थर्स्टी. द क्रो सॉ अ पॉट. द पॉट हॅड लिटल वॉटर.' एका मुलाने विचारलं, "बाई, आधी 'अ क्रो' लिहिलंत, मग 'द क्रो' का?" मी उत्तर द्यायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, "आता तो ओळखीचा झाला ना!"

यापेक्षा चांगला नियम कुठल्या पुस्तकात मिळणार? आपल्या आजीची गोष्टही अशीच सुरू होते. एक होता राजा. त्या राजाला दोन राण्या. पहिल्यांदा 'एक' राजा, म्हणजे 'अ किंग'. ओळख झाली की 'तो' राजा, म्हणजे 'द किंग'. सूर्य तर सगळ्यांच्याच ओळखीचा, म्हणून तो नेहमी 'द सन'. नियम गोष्टीच्या पोटातच होता. गोष्ट बाजूला काढून नुसता नियम दिला की तो कोरडा पडतो, वाळूत टाकलेल्या माशासारखा.

पडतो आणि पडतोय

आणखी एक उदाहरण. काळ म्हटलं की मुलांच्या पोटात गोळा येतो. पण रत्नागिरीचा पोर पावसात भिजत शाळेत येतो तेव्हा काळ जाणतच येतो. "आमच्याकडे जुलैत पाऊस पडतो" हे एक. "बाई, पाऊस पडतोय, खिडकी लावू?" हे दुसरं. पडतो म्हणजे दरवर्षीचं, पडतोय म्हणजे आत्ताचं. पहिलं 'इट रेन्स', दुसरं 'इट इज रेनिंग'. साधा वर्तमानकाळ आणि अपूर्ण वर्तमानकाळ, दोन्ही तुमच्या जिभेवर आधीच आहेत.

उलट, आपल्या मराठीत किती अवघड गोष्टी आहेत ते ऐका. दादाने आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळं खाल्लं, फणसाचे गरे खाल्ले. खाणारा दादा तोच, पण क्रियापद खाण्याप्रमाणे रंग बदलतं. याला कर्मणी प्रयोग म्हणतात. इंग्रजीत या चारही ठिकाणी एकच शब्द, 'एट'. पुन्हा मासा तो, होडी ती आणि जहाज ते. इंग्रजीत या तिघांनाही 'इट' चालतं. एवढी कठीण भाषा तुम्ही शाळेत यायच्या आधी शिकलात. नियम पाठ करून नव्हे. गोष्टी, गाणी, भांडणं आणि गप्पा यांतून. मग इंग्रजी येणार नाही असं म्हणायचं कारणच काय?

मुंगसाचं अनेकवचन

इंग्रजीत 'गूज' नावाचा बदकासारखा मोठा पक्षी असतो. एक असला तर 'गूज', अनेक असले तर 'गीज'. आणि 'मॉन्गूस' म्हणजे आपलं मुंगूस. मग अनेक मुंगसं म्हणजे 'मॉन्गीज' का? नाही! 'मॉन्गूसेस.' कारण 'मॉन्गूस' हा शब्द 'गूज'च्या घरातला नाहीच. तो आपल्या मुंगसावरून गेला आहे. मराठीतून पोर्तुगीजांच्या तोंडी आणि तिथून इंग्रजीत. शब्द पाहुणा म्हणून गेला, म्हणून घरचा जुना नियम त्याला लागला नाही.

मुंगसाची एक झकास गोष्टही इंग्रजीत आहे, रुडयार्ड किपलिंगची 'रिकी-टिकी-टावी'. १८९४ सालच्या 'जंगल बुक'मध्ये ती आली. किपलिंगचा जन्म मुंबईचा, १८६५ सालचा, म्हणजे आपल्या केशवसुतांपेक्षा जेमतेम एक वर्ष आधीचा. ही गोष्ट वाचली की मुंगूस आणि त्याचं अनेकवचन जन्मात विसरणार नाही.

माझं वाक्य

मग करायचं काय? एक खेळ सांगते. आमच्या वर्गात तो चालतो. धड्यातलं आवडलेलं एक वाक्य निवडायचं. समजा, 'द बॉय फ्लाइज अ काइट.' आता करणारा बदला. 'माय सिस्टर फ्लाइज अ काइट.' मग काळ बदला. 'माय सिस्टर फ्लू अ काइट.' आणि शेवटी त्याच साच्यात आपल्या घरचं एक वाक्य बसवा. केशवसुतांनी केलं तेच, फक्त छोट्या मापात.

वर्गात एक मुलगी होती. मराठीत तिचं तोंड थांबत नसे. होडी, वारा, मासळी यांच्या गोष्टी सांगायची तर आख्खा वर्ग गप्प बसून ऐके. इंग्रजीचा तास सुरू झाला की मात्र मान खाली. या खेळात एके दिवशी ती उभी राहिली आणि हळूच वाचलं, 'माय ग्रँडफादर मेंड्स द नेट.' माझे आजोबा जाळं विणतात, फाटलेलं दुरुस्त करतात. लगेच एकजण ओरडला, "नेट? मोबाईलचं का?" सगळे हसले, तीही हसली आणि म्हणाली, "नाय रे, आमच्या होडीतलं!" म्हणून तर ती 'अ नेट' म्हणाली नव्हती. तिच्या ओळखीचं जाळं होतं ना ते! कर्ता, क्रियापदाचा 'एस', 'द', सगळं जागच्या जागी होतं. पण मला त्याहून मोठी वाटली ती दुसरी गोष्ट. तिचे आजोबा पहिल्यांदाच इंग्रजीत आले होते.

इंग्रजी येत नाही म्हणून मान खाली घालणारं मूल हळूहळू गणितातही हात वर करेनासं होतं. आपल्याला काही येतच नाही असं त्याला वाटू लागतं. म्हणून हा प्रश्न चार मार्कांचा नाही.

आईबाबांसाठी थोडंसं

आईबाबा, काही गोष्टी तुमच्याशीही बोलायच्या आहेत. गाईडमधली उत्तरं घोकून मार्क मिळतात, भाषा मिळत नाही. धड्याच्या प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीने मराठी अर्थ लिहून दिला की मूल अर्थच वाचतं, ओळ वाचत नाही. त्यापेक्षा त्याला रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचू द्या. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी बिघडत नाही. "काय झालं गोष्टीत, मला मराठीत सांग" एवढं म्हणा. सांगता सांगता त्याचं त्यालाच कळत जातं.

वाचताना, बोलताना चुकलं तर वाक्य पुरं होऊ द्या. 'शी गो' म्हणालं तर लगेच मध्ये तोडू नका. नंतर तुम्ही सहज 'शी गोज' म्हणा, ते ऐकतं. आणि इंग्रजीसाठी मराठी पुस्तकं माळ्यावर टाकू नका. ज्याला मराठीतली गोष्ट रंगवून सांगता येते, त्याच्याकडे इंग्रजीत सांगण्यासारखं काहीतरी असतं. ज्याच्याकडे सांगण्यासारखंच काही नाही, त्याला नुसते काळ पाठ करून काय सांगता येणार?

आणि मुलांनो, पुढच्या सुट्टीत गणपतीपुळ्याला गेलात तर देवदर्शन आणि समुद्र झाला की मालगुंडलाही जा. तिथे केशवसुतांचं जन्मघर जपलेलं आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेने १९९४ साली तिथे त्यांचं स्मारकही उभारलं आहे. घर बघताना धाकट्या मोरो केशवांचीही आठवण काढा.

तोवर एक काम. इंग्रजीच्या वहीचं मधलं कोरं पान उघडा. तिथे आपल्या घरातल्या कुणाही एका माणसावर इंग्रजीत तीन वाक्यं लिहा. पहिल्यात तो माणूस रोज काय करतो ते, दुसऱ्यात आत्ता काय करतोय ते आणि तिसऱ्यात काल काय केलं ते. चुकलं तर चुकू दे, खोडरबर आहेच. मग ती वाक्यं त्याच माणसाला मोठ्याने वाचून दाखवा आणि मराठीत समजावून सांगा.

आजोबा असतील तर जरा जोरात वाचा हं!